एलिकॉट सिटी: गाव नदीकाठी, पूर मात्र मागच्या ओढ्यांचा

इथे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, हॉवर्ड कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली, आणि भारतातून कोणी आलं की एक चक्कर जुन्या एलिकॉट सिटीत ठरलेलीच असते. बाल्टिमोरच्या पश्चिमेला जेमतेम १३ मैल, पटॅप्स्को नदीच्या काठावर, दोन्ही बाजूंना चढ, मधून उतरत जाणारा एकच मुख्य रस्ता, मेन स्ट्रीट, आणि त्याच्या दोन्ही अंगाला काळपट ग्रॅनाइटची दोन-तीन मजली घरं, खाली दुकानं. कागदोपत्री एलिकॉट सिटी म्हणजे पंचाहत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा मोठा पसारा आहे, त्यात आपल्या लोकांच्या कॉलन्याही आल्या, पण मी बोलतोय ते खाली खोऱ्यातल्या जुन्या गावाबद्दल. तो एक रस्ता चालत वीस मिनिटांत संपतो.

या गावात २०१६ आणि २०१८ साली २२ महिन्यांच्या अंतराने दोन भयंकर पूर आले आणि त्यानंतर गावाचं काय करायचं यावरून जे काही झालं ते मी जवळून बघितलंय, मीटिंगांना जाऊन बसलोय, लोकांना रडताना बघितलंय. हे सगळं प्रकरण एकदा सलग मांडावं असं कधीपासून मनात होतं.

सुरुवात माझ्या बाबांपासून करतो. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, २०१७ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. पहिला पूर होऊन वर्ष होत आलेलं, बरीच दुकानं परत उघडलेली. मी त्यांना थेट खाली नदीच्या पुलाकडे नेलं, तिथे रेल्वेच्या पुलाजवळ जुन्या पुरांच्या खुणा आहेत, १८६८ ची सगळ्यात वर, १९७२ ची तिच्या खाली. बाबांनी खुणा बघितल्या, नदी बघितली, मग मागे वळून रस्त्याच्या चढाकडे बघत म्हणाले, "अरे पण मागच्या वर्षीचं पाणी इथून नाही ना आलं?" नाही, म्हटलं, वरून आलं. "मग मला तो ओढा दाखव."

मेन स्ट्रीटवर दोन बिल्डिंगींच्या मध्ये टायबर पार्क म्हणून एक छोटीशी बोळवजा जागा आहे, तिथून खाली वाकून बघितलं की ओढा दिसतो. नाव टायबर, रोमच्या नदीचं. पाणी घोट्याएवढं. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि पुढे तो ओढा सरळ एका दुकानाच्या पोटात शिरतो, म्हणजे अक्षरशः दुकानाच्या जमिनीखालून जातो, मग पुढच्या दुकानाखालून, असं करत करत रेल्वेच्या पुलापाशी नदीला मिळतो. बाबा तिथे चांगले दहा मिनिटं उभे होते. त्यांनी हाताने अंदाज घेतला, रुंदी एवढी, उंची एवढी, आणि विचारलं, "पाणलोट केवढा आहे?" मी म्हटलं साधारण पावणेचार चौरस मैल. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मोरीत मावलं नाही की रस्ता हाच ओढा होणार, दुसरी वाटच ठेवलेली नाहीये त्याला." दहा महिन्यांनी तेच झालं, परत.

गाव असं का वसलं

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडा इतिहास. १७७२ साली एलिकॉट नावाचे तीन भाऊ, जोसेफ, अँड्र्यू आणि जॉन, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स कौंटीतून इथे आले. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं. त्यांना पिठाची गिरणी घालायची होती आणि गिरणीला हवं पडतं पाणी, ते पटॅप्स्कोत भरपूर होतं. आजूबाजूचे शेतकरी तेव्हा तंबाखू पिकवायचे, या भावांनी त्यांना गव्हाकडे वळवलं, गाव एलिकॉट्स मिल्स म्हणून नावारूपाला आलं. (बेंजामिन बॅनेकर, तो स्वतंत्र कृष्णवर्णीय खगोलअभ्यासक आणि पंचांगकर्ता, तो इथलाच, नदीपलीकडे राहायचा, आणि १७९१ मध्ये वॉशिंग्टन शहराची हद्द आखायला गेला तो याच घराण्यातल्या मेजर अँड्र्यू एलिकॉटबरोबर. त्याच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.) मग १८३० साली बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला १३ मैलांचा टप्पा सुरू झाला तो बाल्टिमोर ते एलिकॉट्स मिल्स असा, आणि इथलं दगडी स्टेशन आजही उभं आहे, अमेरिकेतलं शिल्लक राहिलेलं सगळ्यात जुनं रेल्वे स्टेशन. १८६७ मध्ये एलिकॉट सिटी हे नाव पडलं.

म्हणजे गाव पाण्यासाठी वसलं, पाण्यावर जगलं. जागा अरुंद, बाजूला कातळ, त्यामुळे सपाट जमीन मिळायची ती फक्त ओढ्याच्या काठाला, ती संपली तेव्हा लोकांनी ओढ्यावरच कमानी टाकून घरं बांधली. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं, वर टेकड्यांवर झाडी आणि शेतं होती, ओढ्यात एवढंसं पाणी असायचं.

१८६८ च्या जुलैत नदीला पूर आला तो सगळ्यात जीवघेणा, चाळीसच्या आसपास माणसं गेली. पाऊस झाला होता वरच्या खोऱ्यात, गावात फारसा पडलाही नव्हता, आणि नदी एकदम चढत आली. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाचं पाणी तसंच नदीकडून आलं. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या डोक्यात पूर म्हणजे खालून वर चढणारं पाणी. नदी फुगते, खालची दुकानं बुडतात, वरचे सुरक्षित. पुराच्या खुणासुद्धा सगळ्या नदीच्याच.

३० जुलै २०१६ आणि २७ मे २०१८

२०१६ चा तो शनिवार होता, संध्याकाळची वेळ, हॉटेलं भरलेली. सहा इंचांहून जास्त पाऊस पडला, आणि त्यातला बहुतेक साधारण दोन तासांत. आपल्या मापात दीडशे मिलिमीटरच्या वर. मुंबईकर म्हणेल त्यात काय, आमच्याकडे पडतो, पण इथे तो उभ्या उतारावर पडला, खाली कातळ, त्यावर मातीचा पातळ थर, वरच्या टेकड्यांवर छपरं आणि पार्किंग लॉट, सगळं पाणी टायबर, हडसन आणि न्यू कट या तीन ओढ्यांमधून एकाच चिंचोळ्या तोंडाकडे धावलं. मोऱ्यांत झाडं, कचऱ्याचे मोठे डबे अडकले, आणि मग पाणी रस्त्यावर आलं. रस्ता उताराचा असल्यामुळे ते साचलं नाही, धावलं. फुटपाथ खालून कोरले गेले, दीडशेच्यावर गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. दोन माणसं गेली, दोघंही गाड्यांसकट वाहून गेलेली. त्या रात्रीचा एक व्हिडिओ जगभर फिरला, दुकानातली चार-पाच पुरुष माणसं हाताला हात धरून साखळी करतात आणि एका बाईला वाहत्या गाडीतून खेचून काढतात. पाण्याची उंची बघा त्यात, मांडीपर्यंत असेल नसेल, पण तो जोर. सहा इंच वेगवान पाणी मोठ्या माणसाला पाडतं आणि दोन फुटात बहुतेक गाड्या तरंगतात असं इथलं हवामान खातं कायम सांगतं, मला ते त्या व्हिडिओनंतर खरं पटलं.

मेन स्ट्रीटच्या तळाला चौकात एक उभं घड्याळ होतं, गावाची खूण. ते वाहून गेलं, नंतर शोधून काढलं, परत बसवलं. लोकांना त्या घड्याळाचं फार. त्या पावसाला हजार वर्षांतून एकदा येणारा पाऊस म्हटलं गेलं आणि मला वाटतं या शब्दाने गावाचं फार नुकसान केलं. त्याचा खरा अर्थ एवढाच की जुन्या नोंदींवरून काढलं तर दरवर्षी असा पाऊस पडायची शक्यता हजारात एक. आणि त्या नोंदींचं कोष्टक या भागासाठी २००४ साली छापलेलं, म्हणजे आकडे त्याच्याही आधीचे. पण दुकानदाराच्या कानावर काय पडतं, की झालं ते झालं, आता हजार वर्षं निवांत. लोकांनी कर्ज काढून, साठवलेले पैसे घालून दुकानं परत लावली. मी स्वतः त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्यात.

२७ मे २०१८, रविवार, मेमोरियल डेचा लाँग वीकेंड. दुपारी चारच्या पुढे आभाळ फाटलं. काही ठिकाणी आठ इंचांच्यावर पाऊस. खाली पटॅप्स्को दोन तासांच्या आत १७ फुटांहून जास्त चढली, आणि मेन स्ट्रीटवर पाणी २०१६ पेक्षा वाईट. न्यू कटचा ओढा बाजूने येऊन मिळतो तिथे तर तपकिरी पाण्याची भिंतच. १८४० च्या सुमाराचं जुनं दगडी कोर्टघर, कौंटीचं पहिलं कोर्ट, ते कोसळून गेलं. घड्याळ परत गेलं. आणि एक माणूस गेला, नॅशनल गार्डमधला जवान, एका बाईला तिच्या मांजरासाठी मदत करायला धावला आणि पाण्याने ओढून नेला. आमच्या ओळखीच्यांपैकी कोणी नव्हता तो, तरी त्या आठवड्यात इथल्या प्रत्येक घरात त्याच्याबद्दल बोलणं झालं असेल.

त्या दिवशी भर दुपारी, सुट्टीच्या गर्दीत, पाणी जास्त असूनही एकच मृत्यू झाला याचं मला मोठं कारण हे वाटतं की दोन वर्षांपूर्वीचं लोकांच्या अंगात होतं. पहिल्या दहा मिनिटांतच लोक वरच्या मजल्यांवर, मागच्या चढावर पळाले. गाडी काढायला कमी गेले.

पाडायचं की वाचवायचं

आता खरं प्रकरण. दुसऱ्या पुरानंतर प्रश्न असा उरला नव्हता की परत कसं उभं करायचं, प्रश्न असा होता की उभं करावं का, आणि कुठपर्यंत.

वरच्या बांधकामांवर राग होता आणि तो अगदी समजण्यासारखा होता. टेकड्यांवरच्या अनेक कॉलन्या मेरीलँडचा पावसाच्या पाण्याचा कायदा १९८२ मध्ये येण्याआधीच्या, म्हणजे त्यांचं पाणी धरून ठेवायची सोयच नाही. नंतरच्या कॉलन्यांना नियम लागले, २००७ मध्ये ते अजून कडक झाले, पण त्या नियमांतले तलाव नेहमीच्या पावसासाठी असतात, अशा पावसासाठी नाहीत. कौंटीने २०१६ नंतर पाण्याचा अभ्यास करून घेतला होता, त्यातून एक गोष्ट निघाली जी बऱ्याच जणांना पचली नाही: सगळा पाणलोट झाडीने भरलेला असता तरी २०१६ च्या पावसाने गावात पूर आलाच असता. बांधकामाने तो वाढला, पण बांधकाम नसतं तर आलाच नसता असं नाही. मला स्वतःला हे वाचून धक्का बसला होता कारण मीसुद्धा मनातल्या मनात बिल्डरलाच धरून बसलो होतो. तरीही कौंटी काउन्सिलने, म्हणजे कौंटीच्या निवडून आलेल्या सभेने, २०१८ च्या जुलैत या पाणलोटातल्या नव्या बांधकामाला वर्षभर बंदी घातली आणि ती योग्यच होती, निदान भोक पडलेल्या बादलीत अजून पाणी ओतणं तरी थांबलं.

ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे कौंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे कौंटीचे निवडून आलेले प्रमुख, अ‍ॅलन किटलमन आणि काउन्सिलमधले इथले सदस्य जॉन वाइनस्टीन यांनी प्लॅन मांडला. पाच वर्षं, ५ कोटी डॉलर, १९ बिल्डिंगी विकत घेऊन काढून टाकायच्या. त्यातल्या खालच्या मेन स्ट्रीटवरच्या म्हणजे ज्यांच्या पोटातून ओढा जातो त्या जवळपास सगळ्याच, तिथे ओढा उघडा करायचा, रुंद करायचा. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, दोघं एकत्र उभे होते. वाइनस्टीन तर तेव्हा जूनमधली प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, लिझ वॉल्श यांच्याकडून फक्त ६ मतांनी हरलेले होते, म्हणजे त्यांना त्यातून काही मिळवायचंही राहिलं नव्हतं.

त्यानंतरच्या एका मीटिंगला मी होतो. मागच्या बाजूला उभा. एक बाई उठल्या, बिल्डिंगीच्या मालकीण, त्या म्हणाल्या मला विकायचंय, मी परत कोणाला भाड्याने देऊच शकत नाही, रात्री झोप लागणार नाही मला, कोणीतरी घ्या ही बिल्डिंग माझ्याकडून. आणि लगेच त्यांच्या मागचे एक म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले की तुम्ही खालचा रस्ता पाडलात तर वरचा कशाला ठेवता, लोक येतात ते हा रस्ता बघायला येतात, नदीपासून वरपर्यंत सलग. दोघांचंही ऐकताना माझी मान हलत होती. घरी येऊन बायकोला म्हटलं की यात चुकीचं कोणीच नाहीये, तेच अवघड आहे.

जुन्या वास्तू जपणारी मंडळी, विशेषतः प्रिझर्व्हेशन मेरीलँड ही संस्था, ठाम विरोधात गेली. त्यांचं म्हणणं होतं की पाडणं हा पहिला पर्याय असूच शकत नाही, बाकीचे सगळे बघून झाल्यावर शेवटचा असतो, आणि बाकीचे नीट बघितलेच नाहीयेत. किटलमन यांची बाजू अशी की बोगदे नि तलाव बांधायला वर्षं लागतात, पैसा लागतो, आणि मधल्या काळात परत पाऊस झाला तर? माणसं त्या बिल्डिंगींत असतील. या दुसऱ्या युक्तिवादाला मी कधीच हलकं धरू शकलो नाही. त्यावेळी अनेकांनी किटलमन यांना गाव पाडायला निघालेला माणूस म्हटलं, मला ते अन्यायाचं वाटलं आणि अजूनही वाटतं. घाई होती त्यांच्या प्लॅनमध्ये, पण ती घाई माणसांच्या जिवासाठी होती.

काउन्सिलने पहिल्या टप्प्याच्या पैशाला मंजुरीही दिली. पण नोव्हेंबर २०१८ मध्ये निवडणूक झाली, किटलमन हरले, कॅल्विन बॉल निवडून आले, आणि त्यांनी पाडकाम थांबवून सगळं परत तपासायला घेतलं. (२०२२ ला हेच दोघं परत समोरासमोर उभे राहिले आणि परत बॉलच जिंकले.)

मधला मार्ग निघाला कसा

बॉल यांनी लोकांसमोर एक सोडून पाच पर्याय ठेवले, प्रत्येकात किती बिल्डिंगी जाणार, बोगदा आहे की नाही, पाणी किती उतरणार, खर्च किती. ही एक गोष्ट मला या प्रकरणात फार महत्त्वाची वाटते कारण त्याआधी चर्चा पाडायचं की नाही एवढ्यावरच अडकली होती, हो किंवा नाही, आता लोक म्हणायला लागले की हा पर्याय घेतला तर माझ्या दारात किती फूट, तो घेतला तर किती. मे २०१९ मध्ये एक पर्याय निवडला, अंदाजे खर्च ११.३ ते १४ कोटी डॉलर. आधीच्या प्लॅनच्या सव्वादोन ते पावणेतीनपट. खालच्या मेन स्ट्रीटवरच्या १० बिल्डिंगी कौंटीने घ्यायच्या, त्यातल्या ४ काढायच्या आणि ६ ठेवायच्या. तिथे ओढा मोकळा करायचा, पुढे मेरीलँड अ‍ॅव्हेन्यूखाली, म्हणजे अगदी रेल्वे स्टेशनच्या बाजूला, मोठी मोरी घालायची, कारण सगळ्यात शेवटी पाणी तुंबतं ते तिथेच. ती रेल्वे लाइन आज सीएसएक्स या रेल्वे कंपनीच्या मालगाड्यांची आहे, त्यामुळे तिच्याखाली काही करायचं तर त्यांच्याशी सगळं ठरवून. आणि मेन स्ट्रीटच्या उत्तरेला ग्रॅनाइटमधून बोगदा.

बोगदा सुरुवातीला छोटा ठरला होता, नंतर तो वरपर्यंत वाढवला. आता तो जवळपास ५,००० फूट लांब, म्हणजे मैलभराला थोडा कमी, आणि १८ फूट व्यासाचा. १८ फूट म्हणजे किती ते सांगतो, आपली एस्टी उभी केली तर तिच्यावर अजून चांगली सात-आठ फूट जागा उरेल. वरच्या बाजूला ओढ्यातलं जादा पाणी आत घ्यायचं आणि गावाला वळसा घालून थेट पटॅप्स्कोत सोडायचं. रोजचं घोट्याएवढं पाणी ओढ्यातूनच जाणार, बोगदा फक्त पुराच्या दिवसासाठी. बाबांना फोनवर सांगितलं तर ते पहिल्यांदा खूश झाले, "दुसरी वाट दिली म्हणजे." मग लगेच विचारलं की तोंडाशी गाळ आणि झाडं अडवायला काय करणार. तो प्रश्न बरोबरच आहे, २०१६ आणि २०१८ दोन्ही वेळा मोऱ्या तुंबल्या त्या नुसत्या पाण्याने नव्हे.

वरच्या अंगाला पाणी थोपवणारे तलाव हा तिसरा भाग, आणि त्यांची कामं आधी झाली. तलाव म्हणजे एरवी कोरडे खड्डे, पाऊस आला की भरतात आणि हळूहळू सोडतात. एक एच-७ नावाचा, रूट ४० आणि रूट २९ च्या इंटरचेंजपाशी, हायवेच्या रॅम्पच्या मधल्या रिकाम्या जागेत केलाय, रोज हजारो लोक बाजूने जातात, कोणाला कळतही नाही. दुसरा क्वेकर मिलचा. पैशाची मोठी अडचण होती ती २०२२ मध्ये सुटली, केंद्राच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, ७.५ कोटी डॉलरचं कमी व्याजाचं कर्ज दिलं. एका रस्त्याच्या गावासाठी एवढा पैसा घालावा का, असं कौंटीच्या दुसऱ्या टोकाला राहणारे लोक विचारतात, माझ्या ऑफिसातलेही विचारतात. मी त्यांना म्हणतो की वरच्या टेकडीवरच्या आपल्या घरांचं, आपल्या ड्राइव्ह-वेचं पाणी खालीच जातं ना. आपण त्या पाणलोटात राहतो, मग बिल त्यांनी एकट्यांनी का भरायचं.

आणि या सगळ्यात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर झालेली गोष्ट, जिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, ती म्हणजे भोंगे. २०१९ मध्ये मेन स्ट्रीटवर पुराचा इशारा देणारे भोंगे बसवले. त्याबरोबर पाट्या, कुठून वर जायचं ते दाखवणाऱ्या, आणि मागच्या चढाकडे जाणारे जिने आणि रस्ते. ओढ्यांमधली पडकी झाडं आणि कचरा काढणं नियमाने सुरू झालं. बोगद्याला वर्षं लागणार हे किटलमन यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, मधल्या काळाचं उत्तर मात्र पाडण्याऐवजी हे निघालं. ते पुरेसं आहे का? भर गर्दीच्या शनिवारी रात्री, पाहुण्यांनी भरलेल्या हॉटेलात, ज्यांनी कधी हे नाव ऐकलं नाही अशा माणसांना भोंग्याचा अर्थ लगेच कळेल का, याची मला काळजी वाटते आणि ती बोगदा पूर्ण होईपर्यंत वाटत राहणार. माझ्या मते ४ बिल्डिंगी काढायचा निर्णय बरोबर आहे. त्या जाणार याचं मला वाईट वाटतं, त्यातल्या एकीत माझ्या मुलीच्या वाढदिवसाची काचेची भेटवस्तू घेतली होती आम्ही, पण ओढ्याला तिथे जागा दिल्याशिवाय बाकीच्या ६ वाचत नाहीत. आणि १९ च्या १९ काढल्या असत्या तर वर बोगदा करायचा दबाव उरला असता का याची मला शंका आहे. प्रिझर्व्हेशनवाल्यांनी हट्ट धरला म्हणून इंजिनिअरांना ग्रॅनाइटमध्ये जावं लागलं.

बाबा मागच्या वेळी आले तेव्हा परत तिथे गेलो. घड्याळ आहे जागेवर. त्यांनी परत टायबर पार्कमधून वाकून ओढा बघितला, मुलीला हाताला धरून दाखवला, बघ हा एवढासा आहे ना, पाऊस आला की हा या भिंतीच्या वर येतो. ती आठ वर्षांची, तिला ते खोटंच वाटलं. मग मी तिला पाटी दाखवली आणि पाटीवरच्या बाणाबरोबर आम्ही तिघं मागचा जिना चढून वर जाऊन आलो, बाबा मध्ये दोनदा थांबले. तुम्ही कधी या बाजूला आलात, आणि जरूर या, तर तुम्हीही एवढं करा. गाडी खालच्या लॉटमध्ये लावू नका, वर लावा आणि चालत उतरा. जेवायला बसायच्या आधी जिना कुठे आहे ते बघून ठेवा. भोंगा झाला तर बिल, पर्स, गाडी काही बघू नका, नदीकडे बघायला तर अजिबात जाऊ नका, पोरांना उचला आणि चढावर जा.